नाफ्प्लियो आणि आजूबाजूचा परिसर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रीसमधल्या नाफ्प्लियोचे फोटो टाकल्यापासून जे प्रश्न येत राहिलेत ते सगळे इथं एकत्र केलेत. मी दोनदा गेलेय, एकदा नवऱ्यासोबत मे महिन्यात आणि एकदा आई-बाबांना घेऊन ऑक्टोबरात, त्यामुळे दोन्ही प्रकारच्या लोकांचे प्रश्न मला जवळचे आहेत. सोपे प्रश्न आधी घेतलेत, फसवे नंतर. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा लिहिलं नाहीये, त्या त्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. नाफ्प्लियो नेमकं कुठं आहे? सँटोरिनी सोडून तिथं का जायचं?

अथेन्सच्या नैऋत्येला साधारण १४० किलोमीटरवर, पेलोपोनीझ या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पात, आर्गोलिसच्या आखाताच्या काठावर. बेट नाहीये, म्हणजे बोटीची भानगड नाही, बसने जाता येतं. गाव एवढंसं आहे पण त्याला तीन किल्ले आहेत. गावाच्या पाठीशी असलेल्या खडकावर अक्रोनाफ्प्लिया, त्याच्याही वर डोंगरावर पालामिडी आणि समोर पाण्यात बुर्त्झी. १३८९ च्या सुमारास व्हेनिसवाले आले, १५४० मध्ये ऑटोमन (म्हणजे तुर्क), १६८६ मध्ये परत व्हेनिस, १७१५ मध्ये परत ऑटोमन, आणि १८२२ मध्ये ग्रीकांनी घेतलं. हे सगळं वाचायला कंटाळवाणं वाटतं पण गावात चालताना दिसत राहतं, एका गल्लीत व्हेनिसची बाल्कनी, वळलं की तुर्की कारंजं त्यावर अरबी लिपीतला शिलालेख, सिंतागमा चौकात जुनी मशीद जिचं पुढं नाट्यगृह झालं, आणि मागच्या बाजूला दुसरी मशीद जिथं स्वतंत्र ग्रीसची पहिली संसद भरली. सँटोरिनी सुंदरच आहे, त्यात वाद नाही. पण ज्याला दगडाला हात लावून इतिहास बघायला आवडतो, जो आपल्याकडे सुट्टीला रिसॉर्ट सोडून किल्ल्यावर जातो, त्याने आधी इथं यावं असं माझं ठाम मत आहे.

२. अथेन्सहून एका दिवसात करून येता येईल का?

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न. येईल, टूरवाले करतातच, सकाळी कोरिंथचा कालवा, मग मिकीनीचे प्राचीन अवशेष, मग नाफ्प्लियोत दीड तास जेवण आणि आइस्क्रीम, मग एपिडाव्रोसचं प्राचीन नाट्यगृह आणि रात्री अथेन्स. पण तसं करू नका, कळकळीने सांगते. या गावाची खरी वेळ संध्याकाळी सहाला सुरू होते, टूरच्या बसेस गेल्या की. उन्हाने तापलेल्या चौकातल्या संगमरवरी फरशीवर पोरं फुटबॉल खेळायला लागतात, आज्या खुर्च्या टाकून बसतात, बुर्त्झीमागच्या डोंगरांवर प्रकाश गुलाबी होत जातो आणि सगळं गाव बंदराच्या कडेने फेऱ्या मारायला निघतं. या फेरीला ते व्होल्टा म्हणतात. दिवसाच्या ट्रिपला आलेल्या माणसाला यातलं काहीही दिसत नाही आणि मग तो घरी येऊन सांगतो की ठीक होतं, छोटं होतं.

३. मग किती दिवस ठेवू आणि कधी जाऊ?

तीन रात्री कमीत कमी. एक दिवस गाव आणि पालामिडी, एक दिवस मिकीनी आणि टिरिन्स (हेही प्राचीन अवशेषच), एक दिवस एपिडाव्रोस. चौथी रात्र मिळाली तर समुद्र. एप्रिल-मेमध्ये रानफुलं असतात आणि संत्र्याच्या बागा फुललेल्या असतात, आर्गोसच्या मैदानातून बस जाते तेव्हा खिडकीतून वास येतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात समुद्र कोमट असतो. जुलै-ऑगस्ट मात्र पारा ३५ च्या वर आणि जुन्या दगडांमध्ये सावली नाही, शिवाय १५ ऑगस्टच्या आसपास ग्रीक लोकांची स्वतःची सुट्टी असते त्यामुळे खोल्या मिळत नाहीत. शनिवार-रविवारी अथेन्सचे लोक येतात तेव्हा भाव वाढतात, जमलं तर सोमवार ते गुरुवार ठेवा.

त्यांचा ईस्टर बघायचा असेल तर तारीख नीट तपासा, कारण ऑर्थोडॉक्स ईस्टर बहुतेक वर्षी आपल्या कॅलेंडरवरच्या ईस्टरपेक्षा वेगळ्या दिवशी येतो. २०२६ मध्ये १२ एप्रिलला, २०२७ मध्ये २ मे रोजी. त्याआधीच्या शुक्रवारी रात्री फुलांनी सजवलेली एपिटाफिओस, म्हणजे येशूची प्रतीकात्मक तिरडी, मिरवणुकीने निघते आणि लोक हातात मेणबत्त्या घेऊन मागे चालतात.

४. अथेन्सहून जायचं कसं? ट्रेन आहे का?

ट्रेन नाही. पूर्वी अरुंद गेजची लाइन होती, २०११ पासून बंद आहे, नकाशावर स्टेशन दिसलं तरी फसू नका, तिथं जुने डबे उभे आहेत फक्त. केटीईएलची, म्हणजे तिथल्या गावोगावी जाणाऱ्या बससेवेची, बस पकडायची, अथेन्सच्या किफिसोस बस स्टँडवरून, दोन ते अडीच तास लागतात. विमानतळावरून थेट बस नाही, आधी एक्स९३ नंबरची सिटी बस घेऊन किफिसोसला यायचं. वाटेत इस्थमोसला बस थांबते, तिथून कोरिंथचा कालवा चालत जाण्याइतका जवळ आहे. १८९३ मध्ये खुला झाला, सहा किलोमीटरच्या वर लांब आणि वरून बघितलं तर एखादी सरळ चीर पाडल्यासारखा दिसतो. नाफ्प्लियोचा स्टँड जुन्या गावाला लागूनच आहे, बॅग ओढत पाच-दहा मिनिटांत चौकात.

५. व्हिसाचं काय?

शेंगेन व्हिसा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि कमीत कमी १५ दिवस आधी करावाच लागतो, पण उन्हाळ्यासाठी अपॉइंटमेंट मिळणं हाच खरा अडथळा आहे तेव्हा दोन-तीन महिने आधी हालचाल करा. जून २०२४ पासून मोठ्यांची फी ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांची ४५, सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. मेडिकल इन्शुरन्स ३०,००० युरोचा लागतो. ग्रीससोबत इटली पण करणार असाल तर ज्या देशात जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज, रात्री सारख्याच असतील तर जिथं आधी उतरणार तिथं. इथं बरेच जण चुकतात.

६. राहायचं जुन्या गावात की तोलोच्या बीचवर?

जुन्या गावात. तोलो १० किलोमीटरवर आहे, वाळूचा किनारा आहे, लहान मुलं असतील आणि पोहणं हेच मुख्य असेल तर ठीक. पण प्रश्न २ मध्ये जी संध्याकाळ सांगितली ती तिथं मिळत नाही.

आता जुन्या गावातली गोम. समुद्राला समांतर जाणारे रस्ते सपाट आहेत. त्यांना काटकोनात वर चढणाऱ्या गल्ल्या म्हणजे नुसत्या पायऱ्या. फोटोत बोगनवेलीखाली जी सुंदर गल्ली दिसते ती बहुतेक वेळा चढणीची असते. आम्ही आई-बाबांसाठी एक खोली बुक केली होती, ॲपवर "गावाच्या मध्यभागी" लिहिलेलं, पोचलो तर गल्लीच्या ६०-७० पायऱ्या आणि वर इमारतीतला लाकडी जिना तीन मजल्यांचा, लिफ्ट नाही. आई एक शब्द बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी दुपारी ती खाली उतरलीच नाही आणि मला फार वाईट वाटलं. म्हणून बुक करण्याआधी मेसेज टाकून तीन गोष्टी विचारा, दारापर्यंत किती पायऱ्या, आत किती, आणि लिफ्ट आहे का. या इमारती संरक्षित असल्याने बऱ्याच ठिकाणी लिफ्ट बसवताच येत नाही, तो काही मालकाचा दोष नाही.

हॉटेलात चेक-इनला सरकारी कर वेगळा द्यावा लागतो, खोलीमागे रात्रीला. २०२५ पासून एप्रिल ते ऑक्टोबर या काळात थ्री स्टारला ५ युरो, फोर स्टारला १०, फाइव्ह स्टारला १५, आणि भाड्याच्या फ्लॅटला ८.

७. पालामिडीला खरंच ९९९ पायऱ्या आहेत का?

गावातले लोक ९९९ च सांगतात. हजारावी पायरी होती, ती स्वातंत्र्ययुद्धातला सेनापती कोलोकोत्रोनिस याच्या घोड्याच्या टापेखाली फुटली अशी गोष्ट आहे. ज्यांनी मोजल्या ते साडेआठशे ते नऊशेच्या मधला आकडा सांगतात, कुठून सुरुवात धरता त्यावर अवलंबून. रायगडाच्या पायऱ्या चौदाशेच्या वर आहेत, त्यामुळे ज्याने रायगड चढलाय त्याला पालामिडी जड नाही. समुद्रसपाटीपासून २१६ मीटर उंची. पायऱ्या डोंगराच्या गावाकडच्या अंगाला आहेत, तिथं सकाळी सावली असते, म्हणून उघडतो त्या वेळेला पोचेल असं निघा. दुपारी त्याच पायऱ्या तव्यासारख्या तापतात.

वर आठ बुरुज आहेत, आणि प्रत्येक बुरुज स्वतंत्र लढू शकेल असा बांधलाय, एक पडला तरी बाकीचे झुंजत राहतील हा त्यामागचा विचार. व्हेनिसवाल्यांनी १७११ ते १७१४ या तीन वर्षांत एवढं सगळं उभं केलं आणि १७१५ मध्ये, म्हणजे पुढच्याच वर्षी, ऑटोमनांनी तो घेतला. मग १८२२ च्या नोव्हेंबरात ३० तारखेच्या आदल्या रात्री, संत आंद्रेआसच्या सणाच्या तोंडावर, स्टाइकोस स्टाइकोपुलोसच्या माणसांनी अंधारात चढून किल्ला घेतला. आपल्याला रात्रीच्या चढाईच्या गोष्टी लहानपणापासून माहीत असतात, तिथं त्या तटावरून खाली बघताना अंगावर काटा येतो.

ज्या कोलोकोत्रोनिसने स्वातंत्र्ययुद्ध लढवलं त्याच्यावरच १८३४ मध्ये नव्या राजाच्या कारभाऱ्यांनी राजद्रोहाचा खटला चालवला, फाशी सुनावली, नंतर माफी दिली. त्याची म्हणून जी कोठडी दाखवतात तिच्यात कमरेत वाकून शिरावं लागतं. मोबाइलचा टॉर्च लावा आणि डोकं सांभाळा.

८. आईचे गुडघे दुखतात, तिला पालामिडी सोडूनच द्यावा लागेल का?

नाही. मागच्या बाजूने डांबरी रस्ता थेट दरवाजापर्यंत जातो. टॅक्सीने वर जा, परतीची वेळ ड्रायव्हरशी आधीच ठरवा कारण वर टॅक्सी उभ्या नसतात. आत मात्र जमीन खडबडीत, दगड गुळगुळीत, कठडे सगळीकडे नाहीत. आईला दरवाजाजवळच्या पहिल्या बुरुजापर्यंत नेलं तरी सगळं आखात दिसतं. नवरा-बायको दोघंच असाल तर टॅक्सीने वर आणि पायऱ्यांनी खाली हा उत्तम मार्ग, पण गुडघेदुखीला उतरणं चढण्यापेक्षा वाईट, हे लक्षात ठेवा.

९. पाण्यातला तो किल्ला, बुर्त्झी, आत जाता येतं का?

बंदरावरून छोट्या बोटी जातात, हवा चांगली असेल तर. आत जाणं कधी सुरू कधी बंद असतं, बोटवाल्यालाच विचारा. १४७३ च्या सुमाराचा व्हेनिशियन किल्ला, बंदराच्या तोंडावर, तिथून किनाऱ्यापर्यंत साखळी ताणून जहाजं अडवायचे. एकोणिसाव्या शतकात पालामिडीच्या तुरुंगात फाशी देणारा माणूस तिथं राहायचा कारण गावात त्याला कुणी राहू देईना. विसाव्या शतकात काही दशकं तिथं हॉटेल होतं.

मला त्याचं नाव फार आवडतं. बुर्त्झी हा शब्द तुर्कीतून आलाय आणि तुर्कीत अरबीतल्या बुर्जवरून. म्हणजे आपला बुरूज! तोच शब्द एकीकडे कोकणात पोचला आणि दुसरीकडे या आखातात. बाबांना हे सांगितलं तर ते पुढचे दोन दिवस त्याला बुरूजच म्हणत होते.

१०. हे गाव राजधानी होतं म्हणतात, त्याच्या खुणा काय बघायच्या?

हो, स्वतंत्र ग्रीसची पहिली राजधानी, १८३४ मध्ये ती अथेन्सला हलवली. तीन ठिकाणं बघा. पहिली संत स्पिरिदोनची चर्च, एका चढणीच्या गल्लीत, एवढी लहान की पुढून निघून जाल. ग्रीसचा पहिला राष्ट्रप्रमुख इओआनिस कापोदिस्त्रियास ९ ऑक्टोबर १८३१ ला सकाळी प्रार्थनेला आला आणि दारातच त्याचा खून झाला, मारणारे मावरोमिखालिस घराण्यातले दोघे, ज्यांच्या कर्त्या पुरुषाला त्याने तुरुंगात टाकलं होतं. जुन्या पुस्तकांत तारीख २७ सप्टेंबर दिसेल, ती जुन्या कॅलेंडरची, दोन्ही बरोबर. दाराशेजारच्या भिंतीत गोळीची खूण काचेखाली जपलीय. मी बोटाने काच पुसून बघितली, एवढासा खळगा आहे, आणि त्यामुळे एका नव्या देशाची सगळी दिशा बदलली.

दुसरं, प्रश्न १ मधली संसद झालेली मशीद. तिसरं थोडं लांब आहे, प्रोनिया भागात खडकात कोरलेला झोपलेला सिंह. ग्रीसचा नवा राजा ओटो १८३३ मध्ये १७ वर्षांचा असताना बव्हेरियाहून इथं उतरला, त्याच्यासोबत आलेले बरेच जर्मन सैनिक साथीच्या तापाने गेले, त्यांच्या आठवणीसाठी त्याच्या वडिलांनी हा सिंह करवून घेतला. तिथं कुणी नसतं, शांत आहे, दहा मिनिटं बसून या.

सिंतागमा चौकातलं पुरातत्त्व संग्रहालयही चुकवू नका, व्हेनिसच्या काळातल्या लष्करी इमारतीत आहे. देंद्राला सापडलेलं काशाचं चिलखत तिथं आहे, ख्रिस्तपूर्व पंधराव्या शतकातलं, मानेपासून मांडीपर्यंत झाकणारं, सोबत रानडुकराच्या सुळ्यांचं शिरस्त्राण.

११. मिकीनीला बसने जाता येतं का? तिथं काय आहे नेमकं?

येतं, नाफ्प्लियोहून केटीईएलची बस आहे पण दिवसाला मोजक्याच आणि रविवारी आणखी कमी. निघण्याआधी स्टँडवर परतीच्या वेळेचा फोटो काढून घ्या. फसवी गोष्ट अशी की अथेन्स-नाफ्प्लियो बसवर पण मिकीनी लिहिलेलं सापडतं, ती फिख्ती गावाच्या फाट्यावर सोडते आणि तिथून अवशेष तीन-चार किलोमीटर चढ आहे. उन्हात बॅगेसकट ते करू नका.

मिकीनी म्हणजे ट्रॉयच्या युद्धाच्या गोष्टीतला राजा आगामेम्नॉन याची नगरी, इंग्रजी पुस्तकातलं मायसेनी. सिंहद्वार ख्रिस्तपूर्व १२५० च्या आसपासचं, वरच्या दोन सिंहिणींची डोकी गेलीत. १८७६ मध्ये उत्खनन करणाऱ्या श्लिमनला आत थडग्यांमध्ये सोन्याचे मुखवटे सापडले, त्यातला तो प्रसिद्ध आगामेम्नॉनचा मुखवटा इथं नाही, अथेन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि तो आगामेम्नॉनचा असूही शकत नाही कारण ट्रॉयच्या युद्धाचा जो काळ मानतात त्याच्या तीनेकशे वर्षं आधीचा आहे. म्हणून अथेन्समध्ये ते संग्रहालय मिकीनीच्या नंतर बघा, आधी नको.

तिकीट तेच, पण रस्त्याच्या खालच्या बाजूला असलेली आत्रेउसची तिजोरी लोक विसरून बसमध्ये बसतात. ती तिजोरी नाही, थडगं आहे, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दगडी घुमट, साडेचौदा मीटर रुंद, साडेतेरा मीटरच्या आसपास उंच, चुना-सिमेंट काही नाही, नुसते दगड एकावर एक पुढे सरकवत नेलेत. दारावरच्या आतल्या दगडाचं वजन अंदाजे १२० टन. आत गेल्यावर मधोमध उभं राहून पाय आपटा, आवाज चारी बाजूंनी परत येतो.

१२. टिरिन्स केलं नाही तर चालेल का?

चालेल, पण मला टिरिन्स मिकीनीइतकंच आवडलं. गावापासून चार-पाच किलोमीटर, आर्गोसची बस दारात सोडते, गर्दी जवळजवळ नाही. भिंतींचे दगड एवढे मोठे की पुढच्या ग्रीकांनी म्हटलं हे एकाक्ष राक्षसांनीच बांधलं असणार. आतले काही कमानदार बोगदे शेकडो वर्षं मेंढपाळांनी आसऱ्याला वापरले, मेंढ्यांच्या लोकरीने घासून दगड आरशासारखे गुळगुळीत झालेत. बंद ठेवलेले नसतील तर हात फिरवून बघा. मिकीनी आणि टिरिन्स मिळून १९९९ पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

१३. एपिडाव्रोसला जाताना लोक चुकीच्या बसमध्ये बसतात म्हणे?

हो, खूप जण. आर्खेआ एपिडाव्रोस हे समुद्रकाठचं गाव आहे, तिथं पण एक छोटं प्राचीन नाट्यगृह आहे म्हणून गोंधळ आणखी वाढतो. आपल्याला हवं ते मोठं नाट्यगृह वैद्यकीचा देव आस्क्लेपिओस याच्या देवस्थानात, लिगुरिओ गावाजवळ. ड्रायव्हरला "आर्खेओ थेआत्रो" म्हणा, पोचवतो.

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातलं, ५५ रांगा, १२ ते १४ हजार माणसं बसतील एवढं. मधल्या गोल दगडावर काय बोललं ते वर ऐकू येतं ही गोष्ट खरी आहे. बाबा खाली उभे राहिले आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, "अगं, आलं का ऐकू?" आई चाळिसाव्या रांगेच्या पुढं बसली होती, तिने तिथूनच हात वर केला. गाणी म्हणायला, ओरडायला पहारेकरी मना करतात, नाणं टाकून किंवा कागद फाडून बघा. सकाळी लवकर जा, गर्दी असली की काहीच कळत नाही.

नाट्यगृह बघून लगेच परत फिरू नका. मूळ महत्त्वाची जागा देवस्थान आहे. आजारी लोक लांबून यायचे, एका लांबट दालनात रात्री झोपायचे आणि देव स्वप्नात येऊन उपचार सांगतो अशी श्रद्धा होती. बरे झालेल्यांच्या हकिगती दगडावर कोरून ठेवलेल्या संग्रहालयात आहेत.

१४. तिथं रात्री खरं नाटक बघता येतं?

येतं, आणि तारखा जुळत असतील तर सगळा प्लॅन त्याभोवती करा. १९५५ पासून उन्हाळी महोत्सव चालतो, प्राचीन नाटकं, साधारण शुक्रवार-शनिवारी रात्री नऊला. प्रसिद्ध ऑपेरा गायिका मारिया कालास १९६० मध्ये इथंच गायली होती. नाटक ग्रीकमध्ये, वर इंग्रजी ओळी दिसतात. नाटकाच्या रात्री नाफ्प्लियोहून खास बस सुटते आणि नाटक संपल्यावर परत आणते. उंच टाचेच्या चपला चालत नाहीत, दगडाला इजा होते. दगड रात्रीही गरम असतो पण कडकच, खाली घ्यायला जाड टॉवेल न्या. ज्यांनी घरात नाटकाचं वेड बघितलंय त्यांना तिथं रात्री दिवे लागल्यावर काय वाटतं ते मी इथं लिहून सांगू शकत नाही.

१५. गाडी घ्यावी का? भारतीय लायसन्स चालतं?

नुसतं भारतीय लायसन्स पुरत नाही, सोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं, आपल्या आरटीओतून मिळतं आणि वर्षभर चालतं. निघण्याआधीच काढा, तिकडे गेल्यावर मिळत नाही. गाड्या उजव्या बाजूने चालतात. जुन्या गावात बहुतेक गल्ल्या पायी चालणाऱ्यांच्या आहेत, गाडी बंदराजवळच्या मोठ्या पार्किंगमध्ये लावायची.

तीन-चार जण असाल तर गाडी परवडते आणि दोन गोष्टी जास्तीच्या मिळतात. एक, एपिडाव्रोसच्या रस्त्यावर अर्कादिको गावाजवळचा मिकीनी काळातला पूल, ख्रिस्तपूर्व तेराव्या शतकाच्या सुमारास रथांसाठी बांधलेला, ओढ्यावर अजून उभा आहे आणि त्यावरून तुम्ही चालत जाऊ शकता, तिकीट नाही, गेट नाही. दुसरं नेमेआ, दंतकथेतल्या हेराक्लिसने (हर्क्युलिसने) सिंह मारला ते, तिथं झ्यूसचं देऊळ, जुनं क्रीडांगण ज्याच्या बोगद्यात खेळाडूंनी खरडलेली नावं दिसतात, आणि आयोर्गितिको द्राक्षाची लाल वाइन. वाइन प्यायची असेल तर गाडी चालवणारा वेगळा ठेवा.

१६. शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

अजिबात नाही, ग्रीसमध्ये शाकाहारी माणूस युरोपातल्या बऱ्याच देशांपेक्षा सुखी असतो. कारण त्यांच्याकडे उपवास फार, ईस्टरआधी सलग कित्येक आठवडे, तेव्हा मांस, दूध, अंडं बंद. त्यामुळे घरोघरी भाज्या-कडधान्याचं जेवण पिढ्यान्‌पिढ्या आहे. तेलात शिजवलेल्या भाज्यांना लादेरा म्हणतात. ब्रियाम मागा, बटाटा-वांगी-दुधी भोपळ्यासारखी भाजी, भाजलेली. गिगांतेस म्हणजे आपल्या पावट्याच्या तिप्पट आकाराचे पांढरे बी टोमॅटोत. फावा हे पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच आहे, वर कांदा आणि लिंबू, आईने पहिल्या घासाला विचारलं की याला फोडणी का नाही दिली. होर्ता म्हणजे उकडलेली रानभाजी. सकाळी स्पानाकोपिता, म्हणजे पालक भरलेली पेस्ट्री.

आता अपवाद, हे नीट वाचा. नेस्तीसिमो म्हणजे उपवासाचं, पण त्यांच्या उपवासाला कोळंबी, माकूळ, ऑक्टोपस चालतात! म्हणून नुसतं नेस्तीसिमो म्हणून थांबू नका, "होरिस क्रेआस, होरिस प्सारी, होरिस थालासिना" म्हणा, मांस नको, मासे नको, समुद्रातलं काही नको. गेमिस्ता, म्हणजे भरलेले टोमॅटो, भाताचे असतात पण काही ठिकाणी खिमा घालतात, दोल्मादेसचंही, म्हणजे द्राक्षाच्या पानांच्या भरलेल्या सुरळ्यांचंही, तेच, प्रत्येक वेळी विचारा. स्पानाकोपितासारख्या पेस्ट्रीत अंडं असू शकतं. जैन जेवण मात्र अवघड, कांदा-लसूण सगळीकडे, तेव्हा स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, बुधवारी आणि शनिवारी भाजीबाजार भरतो तिथं सगळं ताजं मिळतं.

१७. पोहायला गावातच जागा आहे का?

आहे, आर्वानितिया, अक्रोनाफ्प्लियाच्या मागे, चौकातून दहा मिनिटं. गोटे आहेत, वाळू नाही, पाण्यात घालायचे रबरी बूट न्या. तिथून समुद्राच्या कडेने कच्चा रस्ता काराथोनाला जातो, पाऊण तास, एका बाजूला कडा आणि एका बाजूला निळं पाणी, तिथं वाळू आहे आणि पाणी लांबपर्यंत उथळ. आर्वानितियाहून बंदराकडे कड्याला वळसा घालून येणारी जी पायवाट आहे ती दरड कोसळल्याने अधूनमधून बंद करतात. जाळी लावलेली दिसली तर ओलांडू नका, खरंच दगड पडतात.

१८. भाषेची अडचण येते का?

इंग्रजी चालतं. पण एक गोष्ट माहीत हवीच. त्यांचं हो म्हणजे "ने". आपल्याला ते "नाही" असं ऐकू येतं. नाही म्हणजे "ओही". बाबांनी दुकानात विचारलं पाणी आहे का, बाई म्हणाल्या ने, ने, आणि बाबा बाहेर आले. उलट मान किंचित वर करून "च्च" केलं की त्याचा अर्थ नाही, ते आपल्यासारखंच. आणि हाताचा पंजा उघडून समोरच्याच्या तोंडासमोर धरू नका, तो अपमान समजतात. पाच दाखवायचे असतील तर तळहात स्वतःकडे.

टॉयलेटमध्ये कागद कमोडमध्ये टाकायचा नसतो, शेजारच्या डब्यात टाकायचा, पाइप अरुंद आहेत.

१९. आम्ही पोचलो आणि बंद होतं असं होऊ नये म्हणून काय करायचं?

तीन गोष्टी. हिवाळ्यात, नोव्हेंबर ते मार्च, बरीच ठिकाणं दुपारी साडेतीनच्या आसपास बंद होतात, उन्हाळ्यासारखी संध्याकाळपर्यंत नाहीत. संग्रहालयं आठवड्यातून एक दिवस बंद असतात, दिवस प्रत्येकाचा वेगळा. आणि उष्णतेची लाट आली तर सरकार भर दुपारी उघड्यावरचे अवशेष बंद करतं, साधारण १२ ते ५, आदल्या दिवशी जाहीर होतं. १ जानेवारी, २५ मार्च, ईस्टर संडे, १ मे, २५ आणि २६ डिसेंबर या दिवशी सगळंच बंद. तिकिटं सरकारी ई-तिकीट साइटवरून काढा, एप्रिल २०२५ मध्ये दर बरेच वाढलेत, जुन्या ब्लॉगवरचे आकडे धरून बजेट करू नका.

२०. या सगळ्याचा आपल्याकडे काही धागा आहे का, की मी उगाच शोधतोय?

उगाच नाही. नाफ्प्लियो वसवणारा नाउप्लिओस हा समुद्रदेव पोसायडनचा मुलगा अशी दंतकथा आहे, आणि नाउप्लिओसचा मुलगा पालामिदिस, त्याच्यावरून पालामिडी. आता कोल्हापूरला जा. ब्रह्मपुरीच्या टेकडीवरच्या उत्खननात पोसायडनची काशाची छोटी मूर्ती सापडली, भूमध्य समुद्राकडून व्यापारात आलेली, ती टाउन हॉल म्युझियममध्ये आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातही खांबांवर दान देणाऱ्या यवनांची नावं कोरलीत, आणि यवन हा शब्द मुळात ग्रीकांसाठीचाच. नाफ्प्लियोहून परत आल्यावर आम्ही सगळे मुद्दाम टाउन हॉलला गेलो. वीतभराचीही नाही ती मूर्ती. बाबा बराच वेळ काचेसमोर उभे होते, मग म्हणाले, एवढ्या लांब आला होता हा, त्याच्या नातवाचा किल्ला आपण बघून आलो.